कुलूपबंद न्हाणीतले ओले प्लास्टर

माझी उमेदीची वर्षे सैन्यात, बांधकामाच्या तुकडीत गेली. ओळंबा सांगेल तेवढेच खरे, ही सवय तिथली. चकवा, भास, अंगात येणे... असे काही सांगणाऱ्याला मी आधी ‘झोप पुरती झाली का’ असे विचारतो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण घडले ते असे.

आमचे गाव कोरेगाव तालुक्यात. घरामागची न्हाणी जुनी – एक पायरी खाली, शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झालेली. पत्नी हौसा हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन सांगलीत ठरले. तिचे माहेर कवठे महांकाळकडचे, म्हणून ती आधीच भावाकडे जाऊन राहिली. ती परतेपर्यंत न्हाणी तिच्या पायांना सोसेल अशी करायची, असे मी ठरवले. गवंडी लावला नाही. पायरी काढून जमीन वर घेतली, कमोड बसवला, भिंतींचे जुने प्लास्टर पाडून नवे केले. साबणाचा कोनाडा माझ्या खांद्याशी होता. तो बुजवून स्टुलावर बसून हात पोचेल इतका खाली घेतला. कोनाड्याचे कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

प्लास्टर संपले त्याच दिवशी मेहुण्याचा फोन आला – ऑपरेशन अलीकडे घेतले आहे, उद्याच या. दिवस वैशाखाचे. नव्या प्लास्टरला रोज पाणी मारले नाही तर ते तडकते आणि पाडून पुन्हा करावे लागते. तसे झाले तर घरी आल्यावर तिने आंघोळ कोठे करायची?

निघताना शेजारचा बाजीराव म्हणाला, “सुभेदार, किल्ली ठिवा की माझ्याकडं. भित्तीला पाणी कोण मारणार, तुमची पेन्शन?”

“परवा परत येतो,” मी म्हणालो. माझ्या गवंडीकामाच्या हत्यारांना दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही. न्हाणीतला ड्रम काठोकाठ भरला, टाकीचा कॉक बंद केला, घराला कुलूप लावले.

परवा परतणे जमले नाही. ऑपरेशन नीट झाले, पण तिला ताप आला. मी खाटेशेजारी बसून राहिलो. डोक्यात भिंत होती, पण न्हाणीचा विषय तिथे कोणाकडे काढला नाही.

एका दुपारी तिने अर्धवट डोळे उघडले. “भित्तीला पाणी मारून आले,” ती म्हणाली. “तुमी कुलूप घालून आलासा. वाळाय लागली हुती.”

“झोप,” मी म्हणालो.

“कोनाडा खाली घेतलासा. बरं केलं.” मग जरा वेळाने – “वर हात न्हाई पोचला माझा.”

मेहुणा हसला. “दाजी, अक्का गुंगीत हाय. सकाळपास्नं घरच बांधायलीय.”

मी हसलो नाही. कोनाड्याचे तिला कोणी सांगितले?

ताप उतरल्यावर मी एकटा घरी आलो. कुलूप जसेच्या तसे. न्हाणीचे दार उघडले तर ओल्या सिमेंटचा वास आला. भिंती माझ्या छातीच्या उंचीपर्यंत ओल्या, काळपट. त्याच्या वर कोरड्या, पांढऱ्या, बारीक तडे गेलेल्या. ड्रम निम्मा रिकामा. त्याच्या झाकणावर स्वयंपाकघरातला तांब्या, धुऊन पालथा घातलेला – हौसा घालते तसा. खालचे प्लास्टर थापीच्या मुठीने ठोकून पाहिले. आवाज भरीव आला, म्हणजे प्लास्टरने पकड धरली होती.

बाजीरावला विचारले. तो म्हणाला, “आवं, किल्ली तुमच्या खिशात. मी काय पाल हाय व्हय, फटीतनं शिराय?”

जमिनीतून ओल चढली असेल, असेही म्हणून पाहिले. पण ओल तांब्या पालथा घालत नाही. खिडकीला गज आहेत, दुसरी किल्ली हौसाच्या पिशवीत, सांगलीला होती.

खालच्या ओल्या भागावर टाइल्स बसवल्या. हौसा घरी आली. पहिल्या दिवशी मी कोपराला धरून तिला स्टुलावर बसवले. माझ्याशी बोलता बोलता, न बघता, तिने साबण कोनाड्यात ठेवला. दवाखान्यातले बोलणे तिला आठवत नाही. “गुंगीतलं कोण ध्यानात ठिवतंय?” एवढेच म्हणाली.

मग तिने वर पाहिले. “आवं, वरचं का तडकलंय?”

“पाणी पोचले नाही,” मी म्हणालो.

तडे बुजवायचे सामान घरात आहे. अजून बुजवलेले नाहीत.