गुडघ्याने दाबलेलं झाकण

त्याचं नाव मी विचारलं नाही. सरस्वतीपुरमच्या नर्सिंग होममध्ये, आईच्या खोलीसमोर, तो ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायला ड्रममध्ये भरायचा. मिटलेल्या कात्र्या, चिमटे, कापडं ठासायची आणि गुडघ्याने झाकण दाबायचं.

"मधे वाफेला जागा नको का हो?"

"अय्यो सार, वाफ ती! आपली वाट काढते की."

आईच्या ऑपरेशनची जखम चिघळली. कशामुळे, ते कुणीच सांगितलं नाही. तेरावं झाल्यावर मी जाब विचारायला गेलो. दुसऱ्या कुणासाठी तो तसाच ड्रम ठासत होता. मला पाहून मायेने म्हणाला, "अम्मा चालतात ना सार आता?"

"गेली ती. उघडा तो ड्रम!"

"डॉक्टर ओरडतील, सार."

"ओरडू देत. उघडा म्हणतो ना!"