मामांच्या मोटरसायकलीतली टकटक

माझ्या बायकोच्या मामांइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. फक्त ते माणसांचं ऐकत नाहीत, मोटरसायकलींचं ऐकतात. आपण त्यांच्यासमोर बसून पोटतिडकीने काही सांगत असावं, आणि बाहेरून एखादी फटफटी कण्हत जावी, की मामांचा हात वर होतो. आपण गप्प बसायचं. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली की ते "चेन ढिली आहे" एवढं म्हणतात आणि परत आपल्याकडे वळतात. "हां, मग? डॉक्टर काय म्हणाले?" एकदा ते मला घेऊन एकांच्या घरी भेटायला गेले होते. तिथले आजोबा दोनच दिवसांपूर्वी गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले असताना अंगणात कुणाची तरी गाडी येऊन थांबली, आणि त्या शांततेत मामा हळहळून म्हणाले, "फार उशीर केला. आधीच दाखवायला हवं होतं." घरातल्या बायकांना हुंदका आवरेना. मामा गाडीबद्दल बोलत होते हे फक्त मला कळलं, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मामा मेकॅनिक नाहीत. ते टेलिफोन खात्यात होते. लाइनवरची खरखर ऐकून दोष कुठल्या खांबापाशी असेल हे ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त झाल्यावर तोच कान त्यांनी म्हसरूळच्या आपल्या घरापुढून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना लावला. त्यांचं हत्यार एकच, एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला दाबायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. टोक इकडे, टोक तिकडे असं करत करत ते आवाजाच्या घरापर्यंत पोचतात. "दोष शोधायचा नसतो," असं ते म्हणतात, "जिथे दोष नाही ती जागा बाजूला काढत जायची. शेवटी जे उरतं ते." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा ते दारात आले, माझ्याकडे न बघता माझ्या गाडीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, बंद करू नका." मी आणि माझी नवी नवरी नटूनथटून फाटकातच उभे. मामींनी ओवाळायचं ताट तयार ठेवलेलं, त्यातलं निरांजन विझायला आलं, तरी मामांचे डोळे मिटलेलेच.

आवाजाइतकाच त्यांना गळतीचा नाद. कुणीही पाहुणा आला की आतून पाणी यायच्या आधी त्याच्या गाडीखाली वर्तमानपत्र सरकवलं जातं. पाहुणा निघताना मामा ते कागद काढून उजेडात धरतात आणि डाग वाचतात. ऑइलचा डाग बसून राहतो, पेट्रोलचा उडून जातो आणि मागे नुसती कड ठेवतो. मामींची तक्रार एवढीच, की शब्दकोडं नेहमी कुणाच्या तरी गाडीखालीच जातं. गळती नेमकी कुठून होते हे बघायला मामांची वेगळी युक्ती आहे. कार्बोरेटर कोरडा पुसून घ्यायचा, त्यावर टाल्कम पावडर मारायची आणि पाट घेऊन समोर बसायचं. पावडर जिथे ओली होईल तिथे दोष. पावडर अर्थातच मामींची, चंदनाच्या वासाची. त्यामुळे मामांची मोटरसायकल बाजारातून गेली की कुणी पूजा करून आल्यासारखा वास येतो.

या नादाला आम्ही हसायचो, पण आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी हसू थांबलं. गुरुजींनी आपली मोटरसायकल नेमकी हॉलच्या खिडकीखाली लावली होती. होमाची सगळी मांडणी झाली, यजमान म्हणून मी पीतांबर सावरत पाटावर बसलो, गुरुजींनी काडी पेटवायला घेतली आणि मामा ओरडले, "थांबा! पेट्रोलचा वास येतोय."

"मामा, मुहूर्त टळतोय," गुरुजी काकुळतीला आले.

"टळू द्या. पंचांगात दुसरा असेल."

गुरुजींना उठवून बाहेर नेलं. टाकीखालच्या नळीला चीर गेली होती आणि खाली फरशीवर चांगलं थारोळं साचलेलं. मामांनी गाडी स्वतः ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, नळी कापून नव्याने बसवली, फरशी धुतली, हात धुतले आणि मग अग्नीला परवानगी दिली. गुरुजी नंतर मंत्र म्हणताना मधूनच मामांकडे बघत होते. तेव्हापासून कुठल्याही घरी होम असला की ते आधी गाडी लांब लावून येतात म्हणे.

पण दुसऱ्यांच्या गाड्या हा मामांचा वरकड धंदा. खरा संसार त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलशी, आणि त्यातही तिच्यातल्या टकटकीशी. ही मोटरसायकल मामांनी स्वतःच्या लग्नानंतर लगेच घेतलेली. तिच्यासारखी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. ही टकटक तिच्यात कधी शिरली ते कुणालाच आठवत नाही. मामांनी इंजिन दोनदा उघडलं, जे जे बदलता येतं ते बदललं, पण टकटक आपली जागेवर. गाडी गार असली की जास्त, तापली की कमी, चढ लागला की पुन्हा सुरू. मामा तिच्याबद्दल घरातल्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "आज जरा बरी होती," वगैरे.

मागे बसणाऱ्याला त्यांच्या गाडीवर ओझं म्हणून बसता येत नाही. त्याने ऐकायचं असतं. म्हसरूळहून पंचवटीत पोचेपर्यंत "आत्ता आला? आणि आत्ता? टक की खट?" अशी उलटतपासणी चालते. मामी पूर्वी बसायच्या. एकदा निफाडला मामींच्या बहिणीकडे जाताना मामांना टकटकीखेरीज एक बारीक किणकिण ऐकू आली. ती फक्त मामी मागे असल्या की यायची. मामांनी नियमाप्रमाणे एकेक जागा बाजूला काढली. नंबरप्लेट दाबून पाहिली, मडगार्ड पाहिलं, डब्यातला चमचा काढला. शेवटी उरल्या मामींच्या बांगड्या. भर रस्त्यात गाडी उभी करून मामा सरळ म्हणाले, "तू बांगड्या काढून बस."

सवाष्ण बाईला हे म्हणायचं नसतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मामी खाली उतरल्या. मामा समजूत घालायला लागले, "अगं, फक्त निफाडपर्यंत!" त्याने प्रकरण जास्तच चिघळलं. मामी समोरून आलेल्या बसने परत गेल्या आणि पुन्हा त्या गाडीवर बसल्या नाहीत. कुठे जायचं तर मामा मोटरसायकलवर पुढे आणि मामी रिक्षाने मागे, अशी वरात कित्येक वर्षं निघत राहिली.

यंदा पाडवा होऊन काही दिवस झाल्यावर एका रविवारी सकाळीच मामांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, "आवाज गेला! या ताबडतोब. पेढे आणलेत." पुढे मी काय बोललो ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. मी माझ्या स्कूटरवरून निघालो. माझी स्कूटर विजेवर चालते. मामा तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ना आवाज, ना गळती, असल्या गाडीशी बोलायचं तरी काय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मला टकटक ऐकू आली. स्वच्छ, खणखणीत, उलट पूर्वीपेक्षा चार पटीने मोठी. अंगणात मोटरसायकल चालू ठेवून मामा शेजारी उभे होते. चेहरा नातवाच्या बारशाला असतो तसा. "काय?" त्यांनी मला विचारलं. "आहे कुठे आवाज?" त्यांच्या मागे दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मी घाईघाईने पुडक्यातला एक अख्खा पेढा तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. मामा शेजारच्या घरी पेढे द्यायला गेले.

मामींनी मला स्वयंपाकघरात नेलं. "बेल ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "कुकर शेजारी ओरडतो तरी पत्ता नसतो. परवा द्वारका चौकात मागून ट्रक हॉर्न देत होता, हे आपले मधोमध. आपल्या ओळखीच्या कुणीतरी बघितलं, म्हणून मला कळलं."

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना?"

"कशी बोलू? आयुष्यभर ज्याच्या जोरावर नाव कमावलं तेच गेलं म्हणून सांगू?" त्यांनी गॅस बारीक केला. "आणि नाही सांगितलं तर एक दिवस घरी येणार नाहीत. तुम्हीच काय ते करा. माझ्याच्याने होत नाही."

माझ्याच्याने तरी कुठे होत होतं! अंगणात परत आलो तेव्हा मामा गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होते. इतका सुखी माणूस समोर असताना त्याला काय सांगायचं? शेवटी मला त्यांच्याच पद्धतीची आठवण झाली. म्हटलं, "मामा, एकदा स्क्रू ड्रायव्हर लावून बघा ना. खात्री म्हणून."

"कशाला?" ते म्हणाले. पण खात्रीला मामा कधी नाही म्हणत नाहीत. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि सवयीने डोळे मिटले. मग ते लगेच उघडले. त्यांनी मूठ कानापासून दूर केली. पुन्हा लावली. पुन्हा दूर केली. हाडातून येत होता तो आवाज हवेतून येत नव्हता. दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. मी तिथे उभा होतो, पण मला बघवत नव्हतं. मामा मात्र घाई न करता, जणू दुसऱ्याचीच गाडी आहे अशा बेताने एकेक जागा बाजूला काढत गेले. मग त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"गाडी जशी होती तशीच आहे," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यात बिघाड आहे."

मामी पायरीवर आल्या होत्या. त्यांच्याकडे वळून मामांनी विचारलं, "तुला ऐकू येत होता?"

मामींनी होकाराची मान हलवली.

"मग पेढे कशाला आणू दिलेस?"

"तुम्ही इतके खूश होतात," मामी म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मामा पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी त्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुसली. मग म्हणाले, "आता गाडी रस्त्यावर काढायची नाही. ज्याला मागचं ऐकू येत नाही त्याने चालवू नये." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं, की समजूत घालायलासुद्धा जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कानाच्या डॉक्टरकडे गेले. कानाचं यंत्र मिळालं. घरात ते छान चालतं, पण हेल्मेट घालून वाऱ्यात निघालं की त्यात नुसतं घोंघावतं. मोटरसायकल अंगणात झाकून ठेवलेली, आणि मामा रिक्षाने हिंडायला लागले. रिक्षातल्या मामांकडे बघून मला फार वाईट वाटायचं. ते खिडकीशी बसल्यासारखे बाहेर बघत असत आणि रिक्षावाल्याला काहीही सांगत नसत.

महिन्याभराने मामींचा फोन आला. "दिंडोरीला माझ्या चुलतभावाकडे निघालोय. तुम्ही स्कूटरवर मागून या. सोबत असलेली बरी." मी गेलो तर अंगणातल्या मोटरसायकलवरचं कापड काढलेलं. मामा हेल्मेटचा पट्टा आवळत होते आणि मामी पदर खोचून, हातात डझनभर बांगड्यांसह, मागच्या सीटवर बसत होत्या. मला काही विचारायची गरज पडली नाही. मामींनीच सांगितलं, "मागून गाडी आली की खांद्यावर एकदा थोपटायचं. टकटक वाढली की दोनदा. परवापासून कॉलनीत सराव केलाय."

मी त्यांच्या मागे चाललो. दिंडोरी रोडला ट्रॅक्टर, पिकअप, बस, सगळंच अंगावर येतं. प्रत्येक वेळी मामींचा हात उठायचा, मामांच्या खांद्यावर पडायचा, आणि मामा शिस्तीत डावीकडे व्हायचे. मध्ये एका चढाला दोनदा थोपटलं गेलं, तेव्हा मामांनी मान हलवली. पुढे द्राक्षबागा लागल्या, रस्ता मोकळा झाला. मागे मी सोडून कुणी नव्हतं आणि माझ्या स्कूटरला तर आवाजच नाही. तरी मामींचा हात खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

चहाच्या टपरीवर मामांनी हेल्मेट काढलं, खिशातून यंत्र काढून कानात बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला. "मघाशी बागांपाशी खूप वेळ हात ठेवला होतास. तो कसला आवाज?"

"कसलाच नाही," मामी म्हणाल्या.

"मागून कुणी येत होतं?"

"नाही."

"मग?"

मामी चहात बिस्कीट बुडवत होत्या. "ठेवला असाच."

मामांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या वर्षांच्या ओळखीने मला वाटलं, आता कोणत्या गिअरमध्ये, चढाला की उताराला, अशी चौकशी सुरू होणार. पण नाही. चहा संपवला, कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि मामी नीट बसेपर्यंत गाडी धरून उभे राहिले.