गाळलेले ठोके

संस्थेत तिला सगळे भोवरेबाई म्हणायचे. हृदयात शिरलेलं रक्त कुठे वळतं, कुठे भोवरा घेतं, कुठे रेंगाळतं, हे ती बावीस वर्षं कॉम्प्युटरवर मांडत आली होती. एमआरआयच्या चित्रांवर हृदयाची आतली कड माउसने गिरवायची, त्या कडेत गणित भरायचं आणि मग पडद्यावर रक्त वाहताना बघायचं. काम किचकट आणि मान शून्य. चित्रं हिची, आणि परिषदेत भाषण ठोकून यायचे मोठे साहेब. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! तिला त्याचं फारसं वाटत नसे. आपली नजर चुकत नाही, एवढा ताठा तिला पुरत होता.

मग दादाला झटका आला. दादा म्हणजे थोरला भाऊ, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, तोंडाचा फटकळ. वाचला, पण हृदयाचं टोक हलेनासं झालं. तिथे रक्त साचून गाठ झाली तर ती सुटून थेट मेंदूत जायची भीती. रक्त पातळ करणारी गोळी द्यावी, तर मागच्याच वर्षी पोटातल्या अल्सरने त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. इकडे आड, तिकडे विहीर. हृदयाचे डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्हीच बघून सांगा. टोकाशी रक्त थांबत असेल तर धोका पत्करून गोळी देऊ. थांबत नसेल तर नकोच."

आता, एमआरआयच्या यंत्राला हृदयाचा एक ठोका एका दमात टिपता येत नाही. शेकडो ठोक्यांतून तुकडा तुकडा घेऊन ते एक ठोका शिवतं. दादाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, त्यामुळे चित्र पुसट यायला लागलं. तिने तंत्रज्ञाला सांगितलं, "तालात नसतील ते गाळून टाक." सगळेच असं करतात. वीस मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, पण चित्र लख्ख आलं. चार दिवस गणित चाललं. टोकाशी गेलेलं रक्त तीन ठोक्यांत बाहेर पडत होतं. तिने देवाला हात जोडले आणि डॉक्टरांना कळवलं की रक्त थांबत नाही. गोळी टळली.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन दादाकडे गेली. त्याचं हृदय त्याला दाखवताना तिला अगदी भरून आलं होतं. दादाने चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं.

"हे माझं नाही."

"अरे, तुझंच आहे."

"माझं मध्येच गचके खातं. उशीवर कान टेकला की मला ऐकू येतं ना. दोन पडतात, मग गप्प, मग घाईघाईने तीन. यात गचका कुठाय? दुसऱ्या कुणाचं तरी उचलून आणलंयस."

वहिनी हसली. तीही हसली. "पंपवाल्याने पंप बघावेत," ती म्हणाली.

"पंपसुद्धा गचके खातो तेव्हाच बघायचा असतो, शहाणे. नीट चालताना नुसतं कौतुक करायचं."

बुधवारी सकाळी चहा पिता पिता ते वाक्य तिला एकदम टोचलं. तिने दादाच्या चित्रांची नोंद उघडली. शंभरातले सेहेचाळीस ठोके गाळलेले होते. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तिने गणित केलं होतं ते फक्त शहाण्या ठोक्यांचं. तसं हृदय दादाच्या छातीत नव्हतंच.

तेव्हाच फोन उचलायला हवा होता. पण आधी खात्री, मग तोंड उघडायचं, ही बावीस वर्षांची सवय. शिवाय आपली चूक हातात पुरावा नसताना कबूल कशी करायची? हा ताठाच म्हणा ना. गाळलेले ठोके मूळ फाइलीत शाबूत होते. तिने ते आले तसे, मधल्या थांब्यांसकट, परत घातले. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. टोकाशी रक्त नऊ-नऊ ठोके जागचं हलत नव्हतं.

तिने डॉक्टरांना नवं उत्तर कळवलं. ते म्हणाले, "गोळी आजच सुरू करा." तिने लगेच दादाच्या घरी फोन लावला. दादानेच उचलला. "दादा, ऐक, वहिनीला दे," ती म्हणाली. पलीकडून आवाज आला, पण तोंडात गुळणी धरून बोलावं तसा, एकही शब्द लागेना. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि वहिनीची किंकाळी.

दादाची उजवी बाजू गेली. वाचा गेली, म्हणजे एकच शब्द उरला. नाव काय, विचारलं तर "बरं." दुखतंय का, तर "बरं." पाण्याचा चमचा पुढे केला तरी "बरं." डॉक्टर तिला म्हणाले, "तुमचा काही दोष नाही. पहिल्या चित्रात दिसलंच नाही, त्याला कोण काय करणार?" वहिनी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होती, "हिने भावासाठी रात्रीचा दिवस केला हो, नशिबात नव्हतं." ते ऐकलं की तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं होई. वहिनीने चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. हे कौतुक सोसवत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये पाचव्या दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेली. बहिणीने स्टूल ओढलं आणि दादाला सगळं सांगितलं. ठोके मीच गाळायला लावले. तू सांगितलंस तेव्हा मी हसले. कळल्यावरसुद्धा दोन दिवस गप्प बसले. तू जन्मभर मला क्षुल्लक गोष्टींवरून बोलत आलास, आता खरं कारण आहे.

"शिवी दे रे दादा. एक तरी हासड."

दादाचे ओठ हलले, वाकडे झाले, कपाळावर घाम आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, एवढं दिसत होतं.

"बरं," तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाची लाळ पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.