अण्णांची शोकसभा आणि माझं अपडेट

आमच्या अण्णाकाकांच्या शोकसभेत जमलेल्या मंडळींनी सगळ्यात आधी हात जोडले ते एका निळ्या पडद्याला, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

अण्णा माझे सख्खे काका. माझे वडील लवकर गेले, त्यानंतर सोलापुरात अण्णांनी आणि काकूंनीच मला वाढवलं. अण्णांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जायचो, चालू रेडिओ उघडायचो आणि बंद करून ठेवायचो. अण्णा एका शब्दाने रागवायचे नाहीत. पुढे मी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो, तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा संजू पुण्यात बसून अमेरिकेतला कॉम्प्युटर दुरुस्त करतोय की!" (मी अमेरिकेतल्या लोकांना फक्त 'एकदा बंद करून चालू करा' एवढंच सांगायचो. पण अण्णांना हे सांगायचा धीर झाला नाही.)

असे अण्णा एका पहाटे झोपेतच गेले. आणि मी त्याच आठवड्यात बल्ब बदलताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतलेला! विजेच्या सामानात वाढलेला माणूस, आणि बल्ब जमला नाही. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. बायको एकटी सोलापूरला गेली, मी प्लास्टर सांभाळत घरी बसलो. अण्णांचं शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आणि विचित्र म्हणजे, रडूही येईना.

म्हणून शोकसभेला तरी काहीतरी करायचं ठरवलं. अण्णांचे जुने फोटो माझ्याकडे होते. त्यांची मुलगी रेणू म्हणाली, "दादा, तू नुसते पाठवून दे. मी लावते की पडद्यावर."

"छे! मी इथून तुझा लॅपटॉप चालवतो. एकेक फोटो मी स्वतः दाखवणार."

मला तिथे निदान हाताने तरी हजर राहायचं होतं. पण हे सांगता आलं नाही, म्हणून मी तांत्रिक कारणं सांगितली. (आमच्या धंद्यात ती कधीच कमी पडत नाहीत.)

सभेच्या दिवशी हॉल भरला. रेणूने लॅपटॉप पडद्याला जोडला, फोन कानाला लावला. मी पुण्याहून जोडायला गेलो, तर जोडणी होईना. तिचं सॉफ्टवेअर जुनं. नवीन टाकायला गेलो, तर ते म्हणालं, आधी सिस्टिम अपडेट करा.

"रेणू, अपडेटवर दाब."

"आत्ता नको ना दादा! लोक बसलेत."

"दोन मिनिटांचं काम आहे. मी काय आज करतोय का हे?"

तिने दाबलं. लॅपटॉप बंद झाला, परत चालू झाला, आणि हॉलच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा रंग, एक गोल फिरणारं चक्र आणि खाली 'कृपया थांबा' एवढंच उरलं.

फोन चालूच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या रांगेत काकूंचे भाऊ, मैंदर्गीचे मामा बसले होते.

"रेणू, हे गोल गोल काय फिरायलंय?"

"अपडेट व्हायलंय मामा."

"व्हय? मग बसून बघायचं का उभारायचं?"

रेणू काही बोलायच्या आत मामा हात जोडून उभे राहिले. मामा उभे राहिले म्हणून पहिली रांग उठली, आणि पहिली रांग उठली म्हणून अख्खा हॉल! सगळ्यांना वाटलं, मौन सुरू झालं. आता ते संपवणार कोण? चक्र फिरतंय, टक्केवारी तीसवर अडकलीये, आणि म्हातारी माणसं काठ्या टेकवत ताटकळलीयेत. सोलापुरात एवढं लांबलेलं मौन कुठल्या पुढाऱ्यालाही मिळालं नसेल!

शेवटी मामांनीच हळूच विचारलं, "अण्णा लई साधा माणूस होता. एवढं कशाला?"

रेणूने सगळ्यांना बसवलं. यथावकाश लॅपटॉप उठला, भाषा कोणती हवी ते विचारून झालं, नवीन सॉफ्टवेअर बसलं, रेणूने मला जोडणीचे आकडे वाचून दाखवले (मामांनी प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हटला), आणि एकदाचा जोडलो! फोन ठेवला, पहिला फोटो उघडला.

दुकानातले अण्णा. चष्मा कपाळावर, हातात डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, समोर पोट उघडलेला रेडिओ. तो मीच उघडलेला असणार.

घरात मी एकटाच होतो. तोंडातून आपोआप निघालं, "अण्णा, यायला जमलं नाही हो. खांदा द्यायचा होता मला. तुम्ही मला शाळेत खांद्यावर बसवून न्यायचात, आणि मला एकदा… एकदासुद्धा…" आणि पुढे जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. नाक, डोळे, हुंदके, सगळं एकदम. इतक्या दिवसांचं साठलेलं.

फोन वाजला. रेणू होती.

"दादा, तुझा आवाज येतोय."

"कुठे?"

"हॉलमध्ये. मोठ्या स्पीकरवर."

नव्या सॉफ्टवेअरने न विचारता माझा माइक जोडून दिला होता! अमेरिकेची दुरुस्ती करणारा अण्णांचा पुतण्या सबंध समाजापुढे नाक ओढत होता, आणि प्रत्येक हुंदक्याला पडद्यावरचा बाण अण्णांच्या गालावरून खालीवर फिरत होता.

"बंद कर, बंद कर!" मी ओरडलो. (हेही स्पीकरवरच.)

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. बायकोने मला आधीच सांगितलं होतं, अण्णा गेल्यापासून काकू पाहुण्यांचा चहा, जेवणं, अंथरुणं बघत फिरत होत्या, डोळ्यांत टिपूस नव्हता.

"राहू दे गं रेणू. रडू दे त्याला. हितं सगळे मलाच 'धीर धर, धीर धर' म्हणायलेत." आणि मग काकूंचा हुंदका ऐकू आला. मग रेणूचा. पुण्यात मी, सोलापुरात त्या. पुढचे फोटो कुणी बदललेच नाहीत.

महिन्याभराने दुधनीहून एका लांबच्या नातेवाइकांचा फोन आला. त्यांचे सासरे गेले होते.

"संजूभाऊ, आमच्या कार्यक्रमाला तुमीच पायजे बघा."

मला जरा बरं वाटलं. अजून कुणाचा तरी माझ्या ज्ञानावर विश्वास आहे! मी म्हणालो, "करू की. लॅपटॉप कोणता आहे?"

"न्हाय न्हाय, कॉम्प्युटरला तुमी हात लावू नका. ते आमचं आमी बघतो. तुमी निस्तं रडायचं तेवढं बघा."