फोटोबाहेरच्या चपला

"चपला काढायला सांग त्यांना. फोटो गरीब दिसला पाहिजे."

सर हे माझ्याशी बोलले, आईशी नाही. आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. डहाणूकडे, गंजाडजवळच्या आमच्या पाड्यावर बचत गटाच्या नऊ बायका ओळीने उभ्या होत्या. आईने कासा गावच्या बाजारातून घेतलेल्या चपला त्या दिवशी पहिल्यांदा घातल्या होत्या. मुद्दाम. फोटो काढणार म्हणून. तिने काढल्या. मी त्या उचलल्या आणि सरांच्या मागे, फोटोत येणार नाही अशी उभी राहिले.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी बारावी झालेली. मसोलीत सरांच्या ऑफिसात टायपिंग करायचे. सरांची एक संस्था होती, तिच्यातर्फे ते गटांना प्रस्ताव लिहून द्यायचे. आमच्या बायकांना चिकू वाळवून विकायचे होते. त्यासाठी शेड आणि वाळवायचं यंत्र हवं होतं. मुंबईची एक कंपनी अशा कामांना मदत करते, असं सरच म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वाडीत चिकू तोडले, निवडले, खोक्यात भरले. आता स्वतःचं काहीतरी. एवढंच मागणं.

पहिला मसुदा मी लिहिला, बायकांना विचारून विचारून. आईने सांगितलं, चिकूला नख लावायचं, आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचा झाडावर. कुठला कापायला घट्ट, कुठला वाळल्यावर चिवट होतो, सगळं सांगितलं. दोन पानं भरली. मला वाटलं, यंत्र मागणाऱ्याला काम येतं हे आधी सांगावं.

सरांनी दोन्ही पानांवर लाल काट मारली.

"निबंध लिहिलायस का? प्रपोजल इफेक्टिव्ह पाहिजे. वाचणाऱ्याला दया आली पाहिजे."

मग ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'सदर महिला अज्ञानी असून त्यांना वेळेचे व स्वच्छतेचे भान नाही.' माझी बोटं अडखळली नाहीत. एकही चूक झाली नाही म्हणून सरांनी शाबासकी दिली, आणि मी खूश झाले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सह्या घ्यायला पाड्यावर गेले. आई म्हणाली, "सही करू, पन आदी वाच. काय लिवलाय ता आमाला कलू दे."

गाळून वाचता आलं असतं. पण नऊ जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वाचलं. 'भान नाही'पर्यंत आले आणि थांबले.

शेजारची काकी हसली. "आमाला टाईम कलत नाय? मंग उजाडायच्या आदी वाडीत कोन जाते, त्याचा बापूस?"

आई हसली नाही. "ह्या तू लिवलास?"

"सरांनी सांगितलं, आई."

"हात कोनाचा?"

मी खाली बघितलं. कागदावरचं पुढचं वाक्य मीच टाइप केलेलं, पण नीट वाचलं ते तेव्हा. महिलांची क्षमता नसल्यामुळे प्रकल्पाचा सगळा कारभार सरांची संस्था बघणार. म्हणजे आम्ही अडाणी ठरलो की सरांची खुर्ची पक्की! नाव आमचं, शेड आमच्या पाड्यावर, आणि आम्ही तिथेही मजूरच. माझं डोकं फिरलं. दया बिया काही नव्हती. आमच्या अब्रूवर त्यांचा धंदा होता.

दुसऱ्या दिवशी कागद सरांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, सह्या मिळणार नाहीत.

"तुम्हा लोकांचं भलं करायला जावं तर हे असं. माझ्याशिवाय एक ओळ तरी लिहिता येईल का तुला?"

लाल काट मारलेली माझी दोन पानं फाइलमधून काढून घेतली आणि बाहेर पडले. परत गेले नाही.

प्रस्ताव पुन्हा लिहिला. हाताने. पहिली ओळ, 'आम्हाला चिकू कळतो.' कारभार नऊ जणींचा, नावानिशी. फोटोही नवा काढला.

कंपनीला पाठवला, उत्तर आलं नाही. डहाणूतल्या एका बँकेत नेला. साहेबांनी चाळला आणि म्हणाले, जरा परिस्थिती वाईट दाखवा, मग बघू.

तेव्हाच ठरवलं, नाही दाखवणार. आणखी दहा दारं झिजवीन, दहादा लिहीन. नकार द्यायचा तर चपला घातलेल्या माझ्या आईकडे बघून द्या. या हाताने तिला अडाणी पुन्हा लिहिणार नाही.