राजीनामा

हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की आमच्या ऑफिसात अणुविजेवर सगळ्यांचं एकमत व्हायचं. कोळसा नको, धूर नको, पुढचा काळ या विजेचाच. मयूर विहारच्या घरी माझी मुलगी नेब्युलायझर लावून बसलेली असायची, त्यामुळे मलाही ते पटायचं. अजूनही पटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

कोकणातल्या एका नियोजित अणुप्रकल्पाची फाइल आमच्या सेक्शनला आली, तिच्यात गावकऱ्यांचं एक मराठी पत्र होतं. गाव माझ्या मामाचं, आणि खालच्या पाच सह्यांत त्याचीही सही. "मॅडम, आप तो मराठी हैं, ज़रा दो लाइन हिंदी में कर दीजिए," साहेब म्हणाले. नात्याचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाहीच, उलट मनातून सुखावले.

जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता मी ते उरकलं. सुनावणीत आमचं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून प्रकल्पाच्या सल्लागार समितीवरून आम्ही पाचही जण राजीनामा देत आहोत, असं पत्रात होतं. मी लिहिलं, 'प्रकल्प के संबंध में पाँचों सदस्यों ने राजीनामा दे दिया है.' शब्द दोन्हीकडे आहे, मग बदला कशाला, हा माझा शहाणपणा. सुनावणीचं दोन ओळींत बसेना म्हणून गाळून टाकलं.

हिंदीत राजीनामा म्हणजे आम्ही राजी आहोत असं लिहून देणं. मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. जन्म दिल्लीत गेलाय, करोल बागेतल्या दुकानदारांची भांडणं राजीनाम्यावर मिटलेली ऐकली आहेत. त्या दिवशी डोक्यात घरचा अर्थ होता आणि हात ऑफिसची भाषा लिहीत होता. फाइलवर शेरा पडला, गावाची संमती आहे. तो माझ्या नजरेस आला तेव्हा फाइल पुढे गेली होती. मी गप्प बसले. निव्वळ भित्रेपणा, दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात मामा आला. पाच जणांनी परस्पर गाव लिहून दिलं, असं लोक म्हणत होते. सख्खे शेजारी त्याच्याशी बोलेनासे झाले होते, देवळातल्या बैठकीतून त्याला उठवलं होतं. माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला.

"राजीनामाच लिहिलंय ना गं? मग यांनी संमती कुठून काढली?"

वाक्य माझं होतं, खाली नाव कुणाचंच नव्हतं. मी त्याला हिंदीतला अर्थ सांगितला. त्यानं चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, हे लिहिलं कुणी असेल.

"ऑफिसातलंच कुणीतरी," मी म्हणाले.

मामानं कागदाची घडी घातली. "बिचाऱ्याला मराठी येत नसणार. तुझ्या हाती पडलं असतं तर असं झालं नसतं."