रोस्लानची कढई आणि माझा फ्लोचार्ट

रोस्लान सिंगापुरात आमच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांची रडार दुरुस्त करायचा. तो मलेशियाचा, मी निपाणीचा. मी निपाणीचा आहे हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो आणि त्याने विचारायच्या आत सीमाप्रश्नही समजावून देतो. गाव मराठी, नकाशात मात्र कर्नाटकात! रोस्लानने हे निदान आठ वेळा ऐकलं असेल. दर वेळी शेवटी तो एवढंच विचारायचा, "मग जेवायला काय घेणार?"

आठवडाभर तो सेम्बावांगला भाड्याच्या खोलीत राहायचा. शनिवारी सकाळी चांगीच्या धक्क्यावरून होडीने समुद्र ओलांडून आपल्या गावी, सुंगाई रेंगितला. खिशात कायम टेस्टर. माझ्या फ्लॅटमधला पंखा त्याने तीनदा दुरुस्त केला, मी एकदाही न सांगता.

२००८च्या मे महिन्यात त्याच्यावर एकदम दोन गोष्टी आल्या. त्याच्या गावासमोरच्या समुद्रात एक खडक आहे, त्यावर दीपगृह. तो सिंगापूरचा की मलेशियाचा, याचा निकाल हेगच्या कोर्टात तेवीस तारखेला, शुक्रवारी लागायचा होता. आणि रविवारी त्याच्या बहिणीचं लग्न होतं. नवरदेव सिंगापूरचा.

रोस्लानचे वडील पाक दिन (‘पाक’ म्हणजे आपल्याकडचं ‘काका’) जन्माचे कोळी. वादळात त्या खडकाच्या आडोशाला त्यांनी होडी लावलेली. त्यांनी घरात जाहीर केलं होतं, "खडक गेला, तर मी व्याह्यांबरोबर जेवायला बसणार नाही." वधूचा बापच बसला नाही तर वऱ्हाड कशाला बसेल? रोस्लान डबा तसाच परत न्यायला लागला.

मला मात्र भयंकर उत्साह चढला. हा तर माझ्या घरचा विषय! मी फ्लोचार्ट काढला. खडक मलेशियाला मिळाला तर व्याह्यांचं सांत्वन, सिंगापूरला मिळाला तर पाक दिन यांचं. शिवाय लग्नात वाचायला दोन वेगवेगळे ठराव. आमच्याकडे बारशालाही माइक हाती लागला की सीमाप्रश्नाचा ठराव मांडतात.

"लग्नात ठराव?" रोस्लान म्हणाला.

"मग! अनुमोदन तू दे."

शुक्रवारी ऑफिसात सगळे टीव्हीसमोर जमलो. खडक सिंगापूरला मिळाला. पण त्याच्या शेजारचे दोन छोटे खडक मलेशियाला! माझ्या कागदावर चौकोन दोनच होते.

"ब्रो, आता हा बाण कुठे जातो?" रोस्लानने कागदावर बोट ठेवून विचारलं.

"दुसरी आवृत्ती काढतो," मी म्हणालो.

तोवर त्याने व्याह्यांना फोन लावला होता. हाजी सालेह म्हणजे शिपयार्डच्या कँटीनमध्ये तीस वर्षं काढलेले आचारी. "हाजी, आमचा आचारी आजारी पडलाय. उद्या सकाळी येता का?" मग त्याने दुसरा फोन केला, आचाऱ्याला, आजारी पडायला सांगण्यासाठी.

त्यांच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी आचाऱ्याच्या हाताखाली मिळून स्वयंपाक करतात. शनिवारी मीही गेलो. मांडवात चुलाणावर एक अवाढव्य कढई, तिच्यात नारळाच्या दुधात आटणारं कोंबडीचं रेन्दांग. ते सतत ढवळावं लागतं, थांबलं की करपतं. वल्ह्याएवढी दोन उलथणी होती. रोस्लानने एक वडिलांच्या हातात दिलं, दुसरं हाजींच्या, आणि तो माइकची वायर जोडायला माझ्याशेजारी येऊन बसला. मला कांदे दिले होते. बारा किलो.

तासभर दोघं नुसते ढवळत राहिले. मग पाक दिन यांनी तोंड उघडलं. रोस्लान मला हळूच भाषांतर करून सांगत होता.

"खडकाला कुलूप लावलंत का?"

"तुम्हाला दोन मिळालेत की. भरतीला सापडले तर बसा त्यांवर."

"हळू ढवळा, रस्सा उडतोय."

"तीस वर्षं ढवळतोय हो!"

"कँटीनमध्ये. इथे माणसं जेवणार आहेत."

हाजी खदखदून हसले. पाक दिन हसणार होते, तेवढ्यात त्यांना मी दिसलो. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"हा का रडतोय? आमच्या खडकासाठी?" उलथणं हाजींकडे सोपवून ते पाणी घेऊन आले. कांदा दाखवायचं सोडून मी निपाणी सुरू केली. पन्नास वर्षं, मोर्चे, लाठ्या.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुम्ही पलीकडच्या लोकांत मुली देत नाही?"

"छे! म्हणजे... माझी आत्या कन्नड घरात दिलीय. चिकोडीला."

"आणि तुझे वडील? तिच्याकडे जेवतात?"

"मोर्चा संपला की तिथेच जातात. दोनदा वाढून घेतात."

पाक दिन कढईकडे परतले. दोन्ही उलथणी सांभाळून हाजी घामाघूम झाले होते. "उद्या बसताय ना जेवायला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मीठ किती घातलंय ते बघायला तरी बसावंच लागेल."

रविवारी दोघं समोरासमोर बसले आणि मिठावरून भांडत जेवले. मी खिशातून ठराव काढला, माइकपाशी गेलो, घसा साफ केला. माइक बंद पडला. मी वळून पाहिलं. रोस्लान टेस्टर खिशात ठेवत होता.

"ब्रो," तो म्हणाला, "जेवायला काय घेणार?"